आतला फोन गप्प का?

संगणकाच्या पडद्यावर अँड्रॉइड फोन उघडलेला आहे. त्यात गाणं लावलं, खालची पट्टी सरकते आहे, व्हॉल्यूम पूर्ण चढवलेला आहे, पण आवाज नाही. ॲप बनवायला शिकणाऱ्यांना ही अडचण कधी ना कधी गाठतेच. मग बहुतेक जण हा फोन चालवणारा इम्युलेटर काढून टाकतात आणि नव्याने बसवतात. काही जीबींचं डाउनलोड होतं, अर्धी संध्याकाळ जाते आणि शेवटी शांतता तशीच राहते. पुन्हा बसवण्याने दुरुस्त होईल असा बिघाड या प्रकारात क्वचितच असतो. बहुतेक वेळा आवाज वाटेत एका विशिष्ट ठिकाणी अडलेला असतो आणि ते ठिकाण सापडलं की दुरुस्ती एका क्लिकची असते. ते शोधायचं कसं, हे कुणी सांगत नाही. त्यासाठी आधी या फोनच्या आवाजाची वाट माहीत हवी.

इथे मी अँड्रॉइड स्टुडिओबरोबर येणारा गूगलचा इम्युलेटर धरून लिहितो आहे. गूगलने अँड्रॉइडचं पहिलं एसडीके, म्हणजे ॲप बनवण्याची साधनं, १२ नोव्हेंबर २००७ रोजी खुलं केलं, तेव्हा बाजारात एकही अँड्रॉइड फोन नव्हता. एचटीसीने बनवलेला टी-मोबाइल जी-१ हा पहिला फोन विक्रीला आला ऑक्टोबर २००८ मध्ये. मधलं जवळजवळ वर्षभर बाहेरच्या ॲप बनवणाऱ्यांसाठी अँड्रॉइड फोन म्हणजे हा इम्युलेटरच होता. त्याचा पाया गूगलचा स्वतःचा नव्हता. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने २००३ मध्ये क्यूईएमयू नावाचं मुक्त सॉफ्टवेअर लिहिलं होतं. एका संगणकाच्या पोटात दुसऱ्या जातीचा संगणक चालवून दाखवणं हे त्याचं काम. गूगलने त्यावर प्रत्यक्षात कुठेच नसलेला एक फोन उभा केला आणि त्याच्या हार्डवेअरला ‘गोल्डफिश’ नाव दिलं. पुढच्या पिढीचं नाव ‘रांचू’. रांचू ही गोल्डफिश माशाचीच एक जात. या फोनला पडदा, बॅटरी, कॅमेरा आणि स्पीकर सगळं होतं, पण सगळं सॉफ्टवेअरमधलं.

स्पीकर सॉफ्टवेअरमधला आहे, ही गोष्ट नीट समजून घेतली की पुढचं सगळं सोपं होतं. ॲपने गाणं वाजवलं की एमपी३ फाइल उलगडून तिचे नमुने बनतात. सीडीच्या दर्जाचा आवाज धरला तर सेकंदाला ४४,१०० नमुने, डावा आणि उजवा असे दोन भाग आणि प्रत्येक नमुन्याला दोन बाइट, म्हणजे सेकंदाला १,७६,४०० बाइट. हे बाइट अँड्रॉइडमधल्या ऑडिओफ्लिंगर या सेवेकडे जातात. एकाच वेळी वाजणारे सगळे आवाज एकत्र करणं हे तिचं काम. तिथून ते फोनच्या ध्वनियंत्राला दिले जातात. खऱ्या फोनमध्ये तिथे चिप असते आणि चिपला जोडलेला स्पीकर. इम्युलेटरमध्ये त्या जागी क्यूईएमयूचा कोड असतो. तो बाइट उचलतो आणि बाहेरच्या संगणकाच्या ध्वनिव्यवस्थेला देतो. विंडोज, मॅक आणि लिनक्समध्ये ही व्यवस्था वेगवेगळी आहे. ती व्यवस्था हे बाइट संगणकावरच्या इतर आवाजांत मिसळते आणि निवडलेल्या स्पीकरकडे पाठवते. म्हणजे एकच गाणं दोन मिक्सरमधून जातं, दोन ठिकाणी त्याचा व्हॉल्यूम ठरतो आणि म्यूटची बटणंही दोन्हीकडे असतात.

शिवाय या वाटेवर उघड तक्रार कुणीही करत नाही. क्यूईएमयूला बाहेरची ध्वनिव्यवस्था सापडली नाही, तर तो थांबत नाही, फोनलाही काही कळवत नाही. तो ‘नन’ नावाचा एक पर्याय वापरतो. हा पर्याय आलेले बाइट खऱ्या स्पीकरच्या वेगाने उचलतो आणि टाकून देतो. वेग खरा असल्यामुळे आतल्या अँड्रॉइडला गाणं वाजतंय असंच वाटतं. पट्टी सरकते, वेळ पुढे जाते, गाणं संपून पुढचं सुरू होतं. म्हणून पट्टी सरकते आहे एवढ्यावरून आवाज कुठपर्यंत पोचला याचा काहीच अंदाज येत नाही.

पट्टी सरकतच नसेल तर मात्र ती खूप काही सांगते. व्हिडिओ दाखवणारी बहुतेक ॲप चित्राचा वेग आवाजाच्या घड्याळावरून ठरवतात. किती नमुने वाजून झाले ते पाहून पुढचं चित्र दाखवतात. ध्वनियंत्राने बाइट उचलणं थांबवलं, की हे घड्याळ थांबतं आणि व्हिडिओ पहिल्याच चित्रावर अडकतो. लोक अशा वेळी इंटरनेटला दोष देतात किंवा ग्राफिक्सच्या सेटिंगमागे लागतात. खरी गाठ आवाजात असते. मुका पण चालणारा व्हिडिओ आणि मुका व अडकलेला व्हिडिओ हे दोन वेगळे आजार आहेत. दुसऱ्यात इम्युलेटर पूर्ण बंद करून कोल्ड बूट करणं, म्हणजे साठवलेली स्थिती न उचलता फोन पहिल्यापासून सुरू करणं, हा पहिला उपाय.

पाटाचं पाणी शेवटच्या वावरात आलं नाही, तर शेतकरी सगळा पाट नव्याने खणत नाही. मधल्या दारावर जाऊन पाहतो, इथवर पाणी आलंय का. आलं असेल तर खाली शोधायचं, नसेल तर वर. इम्युलेटरच्या वाटेवर असं मधलं दार आहे आणि ते फारसं कुणी वापरत नाही याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. इम्युलेटरच्या शेजारच्या पट्टीतले तीन ठिपके दाबले की एक्स्टेंडेड कंट्रोल्सची खिडकी उघडते. तिच्यात रेकॉर्ड अँड प्लेबॅक नावाचं पान आहे. तिथून फोनचा पडदा आवाजासकट रेकॉर्ड होतो आणि वेबएम प्रकारच्या फाइलमध्ये साठवता येतो. हा आवाज क्यूईएमयूच्या आतच उचलला जातो, म्हणजे फोनमधून बाहेर पडल्यावर आणि बाहेरच्या संगणकाच्या स्पीकरकडे जाण्याआधी. मग आतल्या फोनमध्ये गाणं लावायचं, पंधरा-वीस सेकंद रेकॉर्ड करायचं आणि ती फाइल बाहेरच्या संगणकावर ब्राउझरमध्ये उघडून ऐकायची.

फाइलमध्ये गाणं ऐकू आलं, तर आतला फोन निर्दोष आहे आणि बिघाड बाहेरच्या संगणकाच्या बाजूला आहे. फाइलही मुकी असेल, तर फोनच्या आत किंवा त्याच्या काल्पनिक ध्वनियंत्रात शोधायचं. अर्धा रस्ता एका झटक्यात बाद झाला. अर्थात त्याआधी संगणकावर दुसरं काही तरी वाजवून संगणकाचा आवाज चालू असल्याची खात्री करून घ्यावी. ही तपासणी बालिश वाटते, म्हणून राहून जाते.

आधी बाहेरची बाजू घेऊ, कारण दोष तिथे असण्याची शक्यता अधिक.

विंडोजमध्ये २००७ साली आलेल्या व्हिस्टापासून प्रत्येक प्रोग्रामचा व्हॉल्यूम वेगळा ठेवता येतो. खाली उजवीकडच्या स्पीकरच्या चिन्हावर उजवी क्लिक करून व्हॉल्यूम मिक्सर उघडला, की आवाज करणाऱ्या प्रोग्रामची एकेक ओळ दिसते. इम्युलेटरची ओळ तिथे बऱ्याचदा ‘अँड्रॉइड’ या नावाने नसते, क्यूईएमयूच्या नावाने असते. ती आपली आहे हेच लक्षात न आल्यामुळे ती म्यूट असली तरी नजरेतून सुटते. तीन महिन्यांपूर्वी मीटिंग चालू असताना कुणी तरी ती म्यूट केलेली असते आणि विंडोज ते इमानाने लक्षात ठेवतो. इम्युलेटर काढून पुन्हा बसवला तरी प्रोग्राम तोच, जागा तीच, त्यामुळे म्यूटही तसंच राहू शकतं. २०१८ च्या एप्रिलमधल्या विंडोज १० च्या अद्ययावत आवृत्तीपासून आणखी एक सोय आली: प्रत्येक प्रोग्रामचा आवाज वेगळ्या स्पीकरकडे पाठवता येतो. सोय चांगली, पण इम्युलेटर एकीकडे आणि बाकी सगळं दुसरीकडे अशी स्थिती तिच्यातून होऊ शकते. मिक्सर उघडताना आतल्या फोनमध्ये काही तरी वाजत ठेवा. प्रोग्रामने आवाज सुरू केल्याशिवाय त्याची ओळच दिसत नाही. आणि आतलं गाणं चालू असूनही ओळ दिसलीच नाही, तर क्यूईएमयू बाहेरच्या ध्वनिव्यवस्थेपर्यंत पोचलेलाच नाही, हेही तिथेच कळतं.

एचडीएमआयने जोडलेला मॉनिटर हाही नेहमीचा गुन्हेगार. बऱ्याच मॉनिटरना स्पीकर नसतात, तरी संगणक त्यांना ध्वनियंत्र समजतो आणि वायर जोडताच आवाज तिकडे वळवतो. रिमोट डेस्कटॉपचं प्रकरण याहून फसवं आहे. घरून ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या संगणकावर लॉगिन करून इम्युलेटर चालवणारे बरेच जण आहेत. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये आवाजाच्या तीन निवडी असतात: आपल्या संगणकावर वाजवा, वाजवू नका, किंवा दूरच्या संगणकावर वाजवा. तिसरी निवड झाली असेल, तर आवाज निघतोय, पण पलीकडच्या रिकाम्या खोलीत.

मॅकमध्ये प्रोग्रामनिहाय मिक्सर व्यवस्थेबरोबर येत नाही. त्यामुळे तिथे पाहायचं ते एवढंच, की सिस्टिम सेटिंग्जमध्ये आवाज बाहेर काढण्यासाठी कोणतं यंत्र निवडलं आहे.

लिनक्सचं थोडं सविस्तर सांगायला हवं. आवाजासाठी तिथे एकावर एक थर साचले आहेत. तळाला आल्सा, त्यावर बरीच वर्षं पल्सऑडिओ आणि आता त्याच्या जागी पाइपवायर. फेडोराने एप्रिल २०२१ च्या ३४ व्या आवृत्तीत पाइपवायर मुख्य केला, उबुंटूने २२.१० मध्ये. पाइपवायर पल्सऑडिओची भाषा बोलतो, म्हणून इम्युलेटरला फरक पडू नये. पण ती भाषा बोलणारा भाग वेगळा बसवावा लागतो आणि कमीत कमी सामानाने उभारलेल्या संगणकावर तो कधी नसतोच. दुसरी नेहमीची चूक म्हणजे परवानगीची कटकट टाळायला इम्युलेटर ‘सुडो’ लावून चालवणं. पल्सऑडिओ लॉगिन केलेल्या माणसाच्या सत्राचा असतो. ‘रूट’ म्हणून आलेल्या प्रोग्रामला तो सहसा दाद देत नाही. क्यूईएमयू मग मुकाट्याने ‘नन’कडे वळतो. टर्मिनलमधून ‘व्हर्बोज’ पर्याय लावून इम्युलेटर सुरू केला, की सुरुवातीच्या ओळींत ध्वनिचालक सुरू होऊ शकला नाही असा इशारा बऱ्याचदा सापडतो. क्यूईएमयू तक्रार करतो ती एवढीच, पण ती पडद्यावर दिसत नसल्याने कुणी वाचत नाही. कोणती ध्वनिव्यवस्था वापरायची ते ‘ऑडिओ’ पर्यायाने सक्तीने सांगताही येतं. पल्स चालत नसेल तर आल्सा देऊन पाहावं.

आता ब्लूटूथ हेडफोनकडे येऊ. या एका गोष्टीपायी जितकी डोकी फिरलेली मी पाहिली, तितकी दुसऱ्या कशापायी नाहीत.

ब्लूटूथ हेडफोनला आवाज दोन पद्धतींनी जातो. एकीचं नाव ए-टू-डीपी: आवाज एकाच दिशेने, संगणकाकडून कानाकडे, आणि दर्जा संगीत ऐकण्याजोगा. दुसरीचं नाव एचएफपी: आवाज दोन्ही दिशांनी, म्हणजे मायक्रोफोनही चालू, पण दर्जा टेलिफोनचा, सेकंदाला सहसा ८,००० किंवा १६,००० नमुने आणि एकच बाजू. दोन्ही पद्धती साधारणपणे एकाच वेळी चालत नाहीत. कुठल्याही प्रोग्रामने हेडफोनचा मायक्रोफोन उघडला, की हेडफोन पहिली सोडून दुसरीवर जातो. आणि इम्युलेटर फोन सुरू करताना मायक्रोफोनही तयार ठेवतो, कारण फोनला मायक्रोफोन असतोच. इम्युलेटर सुरू होताक्षणी संगणकावर चाललेलं गाणं डब्यातून आल्यासारखं होतं ते यामुळे. विंडोज १० मध्ये प्रकरण आणखी पुढे जातं. तिथे एकाच हेडफोनची दोन नावं दिसतात, एक स्टिरिओचं आणि एक हँड्स-फ्रीचं. आवाज स्टिरिओ नावाकडे पाठवायचं ठरलेलं असेल आणि हेडफोन हँड्स-फ्रीवर गेलेला असेल, तर स्टिरिओ नावाकडे गेलेला आवाज कुठेच ऐकू येत नाही. मिक्सरमध्ये हिरवी पट्टी नाचताना दिसते, आणि कानात शून्य.

उपाय सोपा आहे. बाहेरच्या संगणकाच्या सेटिंगमध्ये आवाज आत घेण्यासाठी लॅपटॉपचा स्वतःचा मायक्रोफोन निवडायचा आणि आवाज बाहेर काढण्यासाठी हेडफोन. मग इम्युलेटरने मायक्रोफोन उघडला तरी तो लॅपटॉपचा असतो, आणि हेडफोन स्टिरिओवरच राहतो. ॲपला मायक्रोफोनची गरजच नसेल, तर फोनच्या कॉन्फिग फाइलमध्ये ऑडिओइनपुटची ओळ ‘नो’ केली तरी चालतं.

याच त्रासावर उतारा म्हणून इंटरनेटवर एक सल्ला फिरत असतो: इम्युलेटर ‘नो-ऑडिओ’ पर्याय लावून सुरू करा. हेडफोन खरंच सुधारतो, कारण इम्युलेटर आवाजाला हातच लावत नाही. पण तो पर्याय कुठल्या तरी शॉर्टकटमध्ये किंवा स्क्रिप्टमध्ये राहून जातो आणि पुढे महिन्याभराने आवाज का नाही म्हणून शोधाशोध सुरू होते. स्वयंचलित चाचण्यांसाठी सर्व्हरवर चालणाऱ्या इम्युलेटरच्या स्क्रिप्टमध्येही हा पर्याय नेहमी असतो, तिथे तो योग्यच आहे. ती स्क्रिप्ट जशीच्या तशी आपल्या संगणकावर आणली की तो आपल्याही गळ्यात पडतो. रेकॉर्ड केलेली फाइल मुकी निघाली तर मी सर्वांत आधी इम्युलेटर सुरू करणारी आज्ञा वाचतो.

मग कॉन्फिग फाइल. आपण बनवलेल्या प्रत्येक काल्पनिक फोनचं एक फोल्डर असतं. विंडोजमध्ये ते आपल्या नावाच्या फोल्डरमध्ये ‘डॉट अँड्रॉइड’ आणि त्याच्या आत ‘एव्हीडी’ इथे सापडतं. त्यातल्या कॉन्फिग डॉट आयएनआय या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ऑडिओआउटपुटची ओळ असेल, तर ती ‘येस’ हवी. फाइल बदलताना इम्युलेटर बंद असू द्या आणि नंतर कोल्ड बूट करा. कोल्ड बूटचा आग्रह एवढ्यासाठी, की २०१७ च्या अखेरीस आलेल्या क्विक बूटमुळे इम्युलेटर आता बंद होतच नाही, तो झोपतो. बंद करताना फोनची सगळी स्थिती डिस्कवर उतरवली जाते आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलली जाते. काही सेकंदांत फोन उघडतो हे छानच, पण ध्वनियंत्र अडकलेल्या स्थितीत फोन झोपला असेल तर तो अडकलेलाच उठतो. लॅपटॉपचं झाकण मिटून उघडल्यावर किंवा मधेच हेडफोन बदलल्यावर हे हमखास दिसतं. अँड्रॉइड स्टुडिओच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या फोनच्या नावापुढच्या तीन ठिपक्यांत कोल्ड बूटचा पर्याय आहे. त्याच यादीत ‘वाइप डेटा’ही असतं. तिथे हात जपून. त्याने फोनमधलं सगळं पुसलं जातं आणि आवाजासाठी त्याची गरज जवळपास कधीच नसते.

फोनच्या आतल्या बाजूला येऊ. अँड्रॉइडमध्ये व्हॉल्यूम एक नसतो. कॉल, रिंग, मीडिया, अलार्म, सूचना असे वेगवेगळे प्रवाह असतात आणि प्रत्येकाची पातळी निराळी. अँड्रॉइड ९ म्हणजे ‘पाय’ येण्याआधी, काहीही वाजत नसताना बाजूचं बटण दाबलं तर रिंगचा व्हॉल्यूम बदलायचा. ९ पासून ते बटण मीडियाचा व्हॉल्यूम बदलतं. जुन्या आवृत्तीवर ॲप तपासणारे म्हणून फसतात: होम स्क्रीनवर बटण दाबून व्हॉल्यूम पूर्ण केला असं त्यांना वाटतं, प्रत्यक्षात मीडिया शून्यावरच असतो. गाणं चालू असताना बटण दाबावं, किंवा सेटिंगमध्ये जाऊन सगळ्या पट्ट्या डोळ्यांनी पाहाव्यात. तिथेच रिंगटोन निवडण्याच्या यादीत एखादी धून दाबली की ती वाजते. ती वाजली आणि आपलं ॲप वाजलं नाही, तर इम्युलेटरचा विषय संपला, आता आपला कोड वाचायचा.

आणखी खोलात जायचं असेल तर संगणकावरून फोनला आज्ञा देणाऱ्या एडीबीच्या टर्मिनलमधून ‘डम्पसिस’ ही आज्ञा ऑडिओफ्लिंगरची पूर्ण हकीकत छापते. मजकूर लांबलचक असतो, पण पाहायच्या गोष्टी दोन-तीनच. गाणं चालू असताना ‘स्टँडबाय’पुढे ‘नो’ हवं. ‘टोटल राइट्स’पुढचा आकडा टिपून ठेवायचा आणि काही सेकंदांनी आज्ञा पुन्हा द्यायची. आकडा वाढला असेल, तर अँड्रॉइड बाइट पुढे ढकलतो आहे. आकडा तिथेच असेल आणि ‘ब्लॉक्ड इन राइट’पुढे ‘येस’ असेल, तर काल्पनिक ध्वनियंत्र बाइट घ्यायला तयार नाही. कोल्ड बूट करा. ‘स्टँडबाय येस’ दिसलं तर ॲपने आवाज पाठवलेलाच नाही. एवढ्या तीन ओळींवरून बिघाड कुणाच्या अंगणात आहे हे ठरतं.

ॲपच्या अंगणातला एक दोष इम्युलेटरवरच पहिल्यांदा उघडा पडतो, म्हणून तो सांगतो. खेळांमधले छोटे आवाज वाजवायला अँड्रॉइडचा साउंडपूल वापरतात. त्याला फाइल दिली की ती पार्श्वभूमीत लोड होते आणि लोड व्हायच्या आधी वाजवायला सांगितलं तर तो फक्त शून्य परत देतो. चूक दाखवत नाही, ॲप बंद पडत नाही. वेगवान फोनवर फाइल क्षणात लोड होते आणि सगळं ठीक वाटतं. दमलेल्या लॅपटॉपवरच्या इम्युलेटरमध्ये ती उशिरा लोड होते आणि पहिला आवाज गायब. इम्युलेटरला नावं ठेवण्याआधी हे पाहावं, कारण स्वस्त फोन वापरणाऱ्या माणसाकडेही हेच घडणार असतं. लोड पूर्ण झाल्याची सूचना देणारा लिसनर लावून मगच वाजवणं हा त्याचा योग्य मार्ग. व्हिडिओच्या बाबतीत असंच दुसरं कारण आवाजाच्या प्रकाराचं. चित्रपटांच्या फाइलींत आवाज कधी कधी डॉल्बीच्या एसी-३ प्रकारात असतो. तो उलगडणारा भाग अँड्रॉइडमध्ये सक्तीचा नाही. बरेच प्लेअर अशा वेळी चित्र तेवढं दाखवत राहतात. तीच फाइल संगणकावरच्या प्लेअरमध्ये वाजते, म्हणून इम्युलेटरवर संशय जातो.

मराठी ॲप बनवणाऱ्यांच्या वाट्याला याशिवाय एक खास शांतता येते. बालवाचनाचं ॲप, दृष्टिहीनांसाठी मजकूर वाचून दाखवणारं ॲप, शेतीचा सल्ला बोलून सांगणारं ॲप, यांत आवाज रेकॉर्ड केलेला नसतो. फोनमधलं टेक्स्ट-टू-स्पीच इंजिन मजकुरावरून तो बनवतं. इम्युलेटरसाठी फोनची प्रतिमा निवडताना दोन ठळक प्रकार दिसतात: गूगलच्या सेवांसह आणि त्यांच्याविना. सेवांविना असलेली प्रतिमा हलकी असते, म्हणून कमी रॅमच्या लॅपटॉपवर तीच घेतली जाते. जुन्या अशा प्रतिमांमध्ये पिको नावाचं इंजिन असायचं. ते अँड्रॉइड १.६ पासूनचं आणि त्याला इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश आणि इटालियन एवढ्याच भाषा येत. त्याला मराठी वाक्य दिलं तर ते मराठीत वाचणार कसं? रिंगटोन वाजते, गाणं वाजतं, मिक्सर ठीक, हेडफोन ठीक, आणि मराठी वाक्य तेवढं मुकं. गूगलच्या इंजिनाला मराठी येतं. तेव्हा असं ॲप तपासायचं असेल तर प्ले स्टोअर असलेली प्रतिमा घ्यावी, त्यात गूगलचं हे इंजिन अद्ययावत करावं आणि सेटिंगमध्ये मराठीचा आवाज उतरवून घ्यावा.

पण एवढ्याने काम पूर्ण होत नाही. भाषा ठरवताना इंजिन ॲपला एक आकडा परत देतं. तो उणे एक असेल तर भाषेची आवाज-सामग्री फोनमध्ये नाही. उणे दोन असेल तर ती भाषा इंजिनाला येतच नाही. पुष्कळ ॲपमध्ये हा आकडा वाचलाच जात नाही. इम्युलेटरवर आपल्याला आलेली शांतता मग ॲप वापरणाऱ्याच्या खऱ्या फोनवरही येते, आणि त्याच्या हाताशी ना मिक्सर असतो ना टर्मिनल. म्हणून मराठी आवाज नसलेली हलकी प्रतिमाही मी काढून टाकत नाही. प्रत्येक बोलणारं ॲप तिच्यावर एकदा चालवतो. उणे एक आलं तर मराठी आवाज उतरवून घेण्याचं पान उघडलं पाहिजे, उणे दोन आलं तर दुसरं इंजिन बसवायला सांगणारी सूचना मराठीत दिसली पाहिजे. दृष्टिहीनांसाठीच्या ॲपमध्ये तर सूचना दिसून भागत नाही. तिथे ती दोन-चार वाक्यं माणसाच्या आवाजात रेकॉर्ड करून ॲपबरोबरच द्यावी लागतात.